कुणाचं पाव्हणं?

बारामतीहून इंदापूरकडे जाणारी एसटी मला शेळगाव फाट्यावर उतरवून निघून गेली, तेव्हा सकाळचे नऊ वाजले होते. तुकोबांची पालखी याच रस्त्यानं पुढे सरकून आठवडा उलटला होता. तरी तीन-तीन दगडांच्या चुली, त्यांतली ओली राख, बाभळीला अडकलेली एक भगवी चिंधी असं काहीबाही रस्त्याकडेला मागे राहिलं होतं. चहाच्या टपरीपुढच्या बाकड्यावर एक आबा बसले होते. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "कुणाचं पाव्हणं म्हणायचं?"

माझं नाव त्यांनी विचारलं नाही, काम विचारलं नाही. आपल्याकडे गावाच्या वेशीवर माणूस आधी 'कुणाचा' असतो, मग 'कोण' असतो. मी ज्या प्रश्नाच्या मागावर निघालो होतो, तो असा पहिल्याच घोटाला समोर येऊन बसला.

गेले काही महिने मी पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच्या एका लहानशा राज्याबद्दल वाचत होतो. आजच्या घानातलं एल्मिना, तिथल्या लोकांच्या तोंडी एडिना. पोर्तुगीजांनी १४८२ मध्ये तिथे किल्ला बांधला, १६३७ मध्ये डचांनी तो घेतला आणि १८७२ मध्ये तो इंग्रजांच्या हवाली केला. ही अदलाबदल एडिनाचा राजा कोबिना ग्यान याला मान्य नव्हती. इंग्रजांनी १८७३ मध्ये त्याला पकडून सिएरा लिओनला पाठवलं आणि गावावर तोफा डागल्या. त्या राज्यात एका राजानंतर दुसरा राजा कसा ठरत असे, हा माझा विषय. वाचता वाचता सारखं वाटे, हे आपण कुठेतरी ऐकलेलं आहे. थोरलं घर, धाकटं घर, मान कुणाचा, आसन कुणाचं. सगळी पाटीलकीची भाषा. म्हणून मी भीमा-नीरेच्या मधल्या या मुलखात आलो होतो. हा मुलूख भोसल्यांचा, वतनांचा आणि महजरांचा.

"कुणाचाच नाही आबा," मी म्हणालो. "जुन्या पाटीलक्यांचं ऐकायला आलोय."

आबांनी चहाचा ग्लास खाली ठेवला. "मंग आमच्याकडंच चला की. पाटीलकी गेली, पर आठवण हाय."

फाट्यावरून गावाकडे जाताना दोन्ही बाजूंना ऊस होता, मधूनच डाळिंबाच्या बागा. नीरा डाव्या कालव्याचं पाणी या भागात एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस आलं. त्याआधीचा हा मुलूख कोरडवाहू, ज्वारी-बाजरीचा आणि दुष्काळाचा. वाटेत आबा सांगत होते, "आमच्या दोन तक्षिमा. थोरली पाती, धाकटी पाती. पोळ्याला थोरल्या पातीचा बैल म्होरं. एका साली धाकट्यांनी आपला बैल म्होरं काढला, तर दोन वर्सं बोलाचाल बंद."

"एका बैलासाठी?"

"बैलासाठी न्हाय. म्होरं कोन, ह्यासाठी."

यात पाटीलकीचं सगळं मर्म आलं. पाटीलकी म्हणजे नुसती इनामाची जमीन नव्हे. होळीची पहिली पोळी, दसऱ्याला आपट्याच्या पूजेचा मान, लग्नात पहिला विडा, सरकारातून येणारं पागोटं, कागदावर पहिली निशाणी, हे सगळं मिळून वतन होई. दुष्काळानं किंवा कर्जानं गांजलेला पाटील कधी अर्धी पाटीलकी विकायचा. त्या विक्रीखतांत जमिनीइतक्याच बारकाईनं मानपानाची वाटणी लिहिलेली असे. पहिलं पागोटं कुणी बांधायचं, विडा आधी कुणी घ्यायचा, वाजंत्री आधी कुणाच्या दारी जायची. कित्येकदा विकणारा वडीलपण आपल्याकडे राखून ठेवी आणि घेणारा धाकटा भाऊ म्हणून घरात येई. पैसे मोजून आलेला माणूसही भाऊ होऊनच वतनात शिरू शकत होता.

आपण आज 'भाऊबंदकी' हा शब्द भांडणासाठी वापरतो. मुळात तो नात्याचा शब्द आहे. नात्याचं नाव भांडणाला पडावं, इतकी भांडणं या एका गोष्टीवरून झाली.

आबांच्या घराला आता सिमेंटच्या भिंती आहेत. जुन्या वाड्याची एक कमान तेवढी उभी आहे आणि तिच्या आत मोटारसायकल लावलेली असते. ओसरीवर बसून आबांनी आपल्या सात पिढ्या सांगितल्या. बोटांच्या पेरांवर अंगठा ठेवत, न अडखळता. मी वहीत लिहीत गेलो. एके ठिकाणी ते म्हणाले, "ह्यो दत्तक." मग थोडं थांबून, "पर दत्तक घ्यायला गोत हुतं. सगळ्या गावानं बघितलेलं."

गोत म्हणजे आज आपण म्हणतो ते कुळाचं गोत्र नव्हे. वतनाच्या वादात गोत म्हणजे गाव आणि आसपासच्या गावांतले वतनदार, बलुतेदार, मिरासदार, देशमुख-देशपांडे. वाद आला की हे गोत जमे. दोन्ही बाजू आधी राजीनामा लिहून देत. आजच्या अर्थाचा राजीनामा नव्हे, तर 'जो निवाडा होईल तो मान्य' असं कबूलपत्र. मग जमान, मग साक्षी. बेलभंडार उचलून साक्ष द्यायची. शेवटी निकाल लिहिला जाई, तो महजर. त्याखाली सगळ्यांच्या निशाण्या. पाटलाचा नांगर, न्हाव्याचा आरसा, परटाची मोगरी. लिहितावाचता न येणाऱ्या माणसानं आपल्या हातातलं हत्यार कागदावर काढून द्यायचं, म्हणजे 'मी पाहिलं' असं झालं. हरणाऱ्यानं यजितपत्र लिहून द्यायचं, जिंकणाऱ्यानं सरकारात हरकी भरायची.

आणि साक्षींनी सुटलं नाही तर दिव्य. उकळत्या तेलातून धातूचा रवा हातानं काढायचा. मग हाताला पिशवी घालून वर मोहर लावायची. ठरल्या दिवशी पिशवी उघडायची आणि हात पाहायचा. कातडीवर फोड आला की नाही, यावर एका घराण्याच्या पुढच्या सगळ्या पिढ्या कोण म्हणवून घेणार ते ठरायचं. हे वाचताना मला नेहमी तो हात पुढे करणारा माणूस दिसतो. त्याला खरंच वाटत असलं पाहिजे की पाटीलकी आपलीच आहे. समोरच्यालाही तितकंच खरं वाटत असलं पाहिजे.

आज्ञापत्रात रामचंद्रपंत अमात्यांनी वतनदारांना लहान का होईना पण स्वतंत्र देशनायकच म्हटलं आहे. छत्रपतींच्या राज्यात राहूनही आपापल्या जागी राज्य करणारे हे लोक. म्हणूनच पाटलानंतर कोण, हा प्रश्न राजानंतर कोण या प्रश्नाइतकाच गंभीर असे. मोठी माणसंही तो मान सोडत नसत. भोसले राजे झाले, तरी हिंगणी, बेरडी, देऊळगावच्या पाटीलक्या त्यांच्या घराण्याच्या ओळखीत राहिल्या. दिल्लीचं राजकारण हाती असलेले महादजी शिंदे स्वतःला पाटीलच म्हणवून घेत.

दुपारी मी इंदापूरला निघालो. निमगाव केतकीला पानमळे लागतात. उन्हाच्या झळा मारणाऱ्या मुलखात ते अंधारे, ओलसर, हिरवे चौकोन पाहून डोळ्यांना गारवा येतो. पुढे इंदापूर. तिथे मालोजीराजे भोसल्यांची गढी आहे आणि त्याच परिसरात चाँदशाहवलींचा दर्गा. सतराव्या शतकाच्या आरंभी इथल्या लढाईत मालोजीराजे पडले. मागे शहाजी आणि शरीफजी ही दोन लहान मुलं राहिली.

गढीच्या मातीवर उभं राहून मी या दोन मुलांचा विचार करत होतो. वारसाहक्काच्या इतिहासातला सर्वांत धोक्याचा क्षण हाच. बाप गेलेला, मुलं अजाण आणि हाताशी कर्ता, शस्त्रधारी चुलता. जगभरात अशा वेळी काय होतं ते आपण वाचलेलं आहे. इथे मात्र विठोजींनी भावाच्या मुलांना सांभाळलं, जहागीर निजामशाहीकडून त्यांच्या नावे चालू राहिली. चुलत्यानं हात आवरला म्हणून शहाजीराजे झाले, आणि पुढचं सगळं झालं. विठोजींच्या या न घेण्याला इतिहासात ठळक पान नाही. मी मनोमन त्यांना नमस्कार केला.

आपल्याच कोकण किनाऱ्यावर, जंजिऱ्यात, मूळच्या आफ्रिकन सिद्दींनी वारसाची वेगळी वाट काढली होती. तिथे मुलगा आपोआप वारस होत नसे, सरदारांची मान्यता मोठी. १६७० च्या सुमारास तिथला प्रमुख फत्तेखान किल्ला शिवाजी महाराजांना देण्याच्या बेतात आहे असं दिसताच सिद्दी संबळ, सिद्दी कासीम आणि सिद्दी खैर्यत यांनी त्याला बाजूला सारून सत्ता हाती घेतली.

आणि त्या दूरच्या घानाच्या किनाऱ्यावर? तिथल्या फांटी लोकांत सर्वसाधारण रीत आईच्या वंशाची. सरदार गेला की त्याचा मुलगा नव्हे, तर भाऊ किंवा बहिणीचा मुलगा पुढे येतो. नाव सुचवायचा मान राजमातेचा, ओहेमाचा. मग कुळातल्या ज्येष्ठांनी आणि लोकांनी मान्य करायचं. सरदारकीची खूण म्हणजे मुकुट नव्हे, लाकडी आसन. गेलेल्या मोठ्या सरदारांची आसनं काळी करून जपून ठेवतात. वाईट वागणाऱ्या सरदाराला आसनावरून उतरवताही येतं. पण शेजारच्या एल्मिनात मात्र हे आसन बापाच्या वंशातून जातं, असं सांगितलं जातं. डेव्हिड हेनिगे या इतिहासकारानं १९७४ मध्ये एल्मिनाच्या राजपदावर एक लेख लिहिला. त्याचं सांगणं असं की, आज सांगितली जाणारी जुन्या राजांची मालिका पुढच्या काळातल्या वारसावादांत घडत गेली आहे. प्रत्येक बाजूनं आपल्या सोयीचे पूर्वज मागे लावले आणि जी बाजू टिकली तिची यादी परंपरा ठरली.

हे वाचलं तेव्हा मी लेख बाजूला ठेवून बराच वेळ बसून होतो. आपल्याकडे तरी वेगळं काय झालं? आपल्या दप्तरांतल्या बहुतेक वंशावळी शांततेच्या काळात लिहिलेल्या नाहीत. वाद पडला, सरकारानं कैफियत मागितली, तेव्हा त्या लिहिल्या गेल्या. खोटे कागद आले, शिक्के तपासले गेले, हस्ताक्षरं ताडली गेली. वंशावळ म्हणजे जन्मलेल्या सगळ्यांची यादी नसते. ती जिंकलेल्यांची यादी असते. फरक इतकाच की आपल्या महजराखाली नांगराशेजारी आरसा आणि मोगरी होती. गावातली दहा वेगवेगळ्या हातांची माणसं तिथे बसली होती, आणि खोटं बोलणाऱ्याला उद्या त्यांच्याच दारावरून जायचं होतं.

ही साक्ष गावाच्या हातून सुटायला सुरुवात कुठे झाली, तर योगायोग असा की याच इंदापुरात. पेशवाई गेल्यावर इंग्रजांनी गावावरचा सारा पाटलामार्फत घेण्याऐवजी थेट एकेका रयतेकडून घ्यायचं ठरवलं. प्रिंगल या अधिकाऱ्यानं शेतीच्या निव्वळ उत्पन्नाच्या ५५ टक्के सारा धरून पहिली मोजणी केली. ती रयतेला पेलली नाही. लोक जमिनी टाकून निघून गेले, शिवारं ओस पडली. मग १८३५-३६ मध्ये गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी इंदापूर तालुक्यात नव्यानं मोजणी केली, दर खाली आणले आणि ३० वर्षांसाठी कायम केले. पुढे मुंबई इलाख्यात हीच पद्धत गेली. आज आपल्या सातबाऱ्यावर जो गट किंवा सर्व्हे नंबर असतो, त्याचं मूळ या उन्हातल्या काळ्या मातीत आहे. रयतेला त्यानं दिलासा मिळाला हे खरंच. पण जमीन कुणाची हे आता गोताला विचारायची गरज उरली नाही. ते रजिस्टरात होतं.

जमिनीचं झालं तेच वारसाचं. १८७४ च्या वतन कायद्यानं पाटील-कुलकर्ण्यांची वारसनोंद सरकारी दप्तरात नेली. आणि १८८६ च्या दुरुस्तीनं एक गोष्ट अगदी स्पष्ट लिहून टाकली. शेवटच्या वतनदाराची विधवा सोडली तर घरातल्या कोणत्याही बाईचा हक्क, वारस होऊ शकणाऱ्या प्रत्येक पुरुषाच्या मागे. सख्खी मुलगी असली तरी दूरचा चुलतभाऊ तिच्या पुढे. पोळ्याच्या बैलांची रांग असावी, तशी ही माणसांची रांग कायद्यानं लावून दिली आणि मुलीला शेवटी उभं केलं. त्याच सुमारास, १८९७ मध्ये, केप कोस्टचा वकील जॉन मेन्सा सार्बा फांटी रीतिरिवाजांवर पुस्तक लिहून ठेवत होता, कारण परक्या कोर्टात आपल्या रीती दुसऱ्यानं सांगाव्यात हे त्याला पटत नव्हतं. त्याच्या मुलखात वारसाचं नाव सुचवायला राजमाता बसत होती.

पण जुन्या गोताबद्दल गहिवरून येताना एक गोष्ट विसरता येत नाही. त्याच महजरात महाराचीही साक्ष असे. गावाची शीव कुठून जाते हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नसे, आणि शिवेच्या वादात त्याचा शब्द वजनदार ठरे. पण तो शब्द देऊन झाल्यावर त्याला गावकुसाबाहेरच्या वस्तीतच परतायचं होतं. त्याचंही वतन वारसाहक्कानं चालत आलं होतं. अपुऱ्या मोबदल्यात, रात्री-अपरात्री राबायचं वतन. पाटलाचा मुलगा मानाचा वारस होई, महाराचा मुलगा राबणुकीचा. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ मध्ये मुंबई कायदेमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचं विधेयक आणलं, ते या वारशातून माणसं मोकळी व्हावीत म्हणून. ती वतनं कायद्यानं संपायला १९५८ उजाडलं. परगणे आणि कुलकर्णी वतनं १९५० च्या कायद्यानं गेली, मुलकी पाटलाचं पद १९६२ च्या कायद्यानं. आज गावात पोलीस पाटील असतो, पण तो नेमलेला. घानानं मात्र आपल्या १९९२ च्या संविधानात सरदारपदाला संरक्षण दिलं. दोन्ही देशांनी आपापल्या परीनं एकाच प्रश्नाला उत्तर दिलं आहे. आपलं उत्तर मला मनापासून पटतं. जन्मानं कुणी पुढे आणि जन्मानंच कुणी वेशीबाहेर, हे संपायलाच हवं होतं. गोताची ती बैठक मात्र राहायला हवी होती, असं वाटत राहतं. ग्रामसभेला बसणारा शेवटचा माणूस उठून जातो, तेव्हा तो हे काहीतरी गमावतो आहे हे त्याला कुणीतरी सांगायला हवं.

संध्याकाळी मी पुन्हा शेळगावला आलो. वही आबांना दाखवून नावं तपासून घ्यायची होती. ओसरीवर दिवा लागला होता. मी सात पिढ्या वाचून दाखवल्या. आबा मान डोलवत राहिले. उंबऱ्याच्या आतून आजी ऐकत होत्या. दिवसभरात त्या एक शब्दही बोलल्या नव्हत्या. माझं वाचून संपलं तशा म्हणाल्या, "समदं बराबर हाय. पर त्यो दत्तक कुनी घेतला, ते लिवलं न्हाय तुमी."

आबा गप्प झाले.

"माझ्या आजेसासूनं," आजी म्हणाल्या. "नवरा गेला तवा ती इशीची बी नव्हती. दिराला पाटीलकी पायजे हुती. तिनं गोताम्होरं पोरगं मांडीवर घेतलं, तवा हे घर ऱ्हायलं. तिचं नाव घाला की."

मग त्यांनी ते नाव सांगितलं. त्यानंतर आपल्या सासूचं, आजेसासूच्या सासूचं, प्रत्येकीच्या माहेरच्या गावासकट. कुणी नीरेकाठची, कुणी भीमेपलीकडची, कुणी माळशिरसच्या बाजूची. आबांना पाठ असलेल्या सात नावांशेजारी मी ती नावं लिहीत गेलो. चार पिढ्यांपर्यंत आजींना आठवलं, त्याच्या मागचं नाही. वर तीन नावांपुढची जागा मी मोकळी ठेवली.

शेवटची गाडी साडेआठला होती. आबा टॉर्च घेऊन फाट्यापर्यंत आले. टपरीवाला दुकान आवरत होता. माझ्याकडे पाहून त्यानं विचारलं, "कुणाचं पाव्हणं, आबा?"

"आमच्या म्हातारीचं," आबा म्हणाले.